राणीसाहेब पिंजऱ्यात नाहीत

१

स्वातंत्र्य ही माणसाची पहिली आणि शेवटची गरज आहे, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात, आतून कडी घातलेल्या लोखंडी दाराला पाठ टेकून बनवलं. ते तयार होत असतानाच एका तीन पायांच्या मांजराने माझ्या बुटावर आपली मालकी नोंदवली. तेव्हा मताला थोडा वास आलाच, तर वाचकांनी नाक धरून पुढे वाचावं.

दार बंद होतं, कारण राणीसाहेब सुटल्या होत्या.

या कारखान्यात आता बर्फ होत नाही, मांजरं राहतात. माझ्या वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मागे राहिलेल्या बाई, इथे आजारी, आंधळ्या, लंगड्या आणि माणसाला जन्मात हात लावू न देणाऱ्या रानटी मांजरांचा आसरा चालवतात. सगळे त्याला बर्फखाना म्हणतात. इथे पगार कुणालाच नाही, त्यामुळे रागवायचा हक्क सगळ्यांना आहे.

काम सरळ आहे. रस्त्यावरची मांजरं पिंजरा लावून पकडायची, नसबंदीचं ऑपरेशन करायचं, भूल उतरायच्या आत डाव्या कानाचं टोक कापायचं आणि जिथून आणलं तिथेच सोडून द्यायचं. कापलेला कान ही पावती. तो लांबून दिसला की त्या मांजराकडे पुन्हा बघायचं कारण उरत नाही.

आसपासच्या सगळ्या गल्ल्यांत कान न कापलेलं एकच मांजर उरलं होतं. करड्या रंगाचं, मागच्या भिंतीवर बसणारं, कुठल्याही आमिषाला न भुलणारं. आमच्याकडे ते बघायचंही नाही. इथे मांजरं पकडणाऱ्या मास्तरांनी त्याला राणीसाहेब हे नाव दिलं आणि ते चिकटलं.

वहिनींची मुलगी, माझी पुतणी, कित्येक वर्षं आईला आपल्याकडे राहायला बोलावत होती. वहिनी दर वेळी म्हणायच्या, "राणीसाहेबांचं ऑपरेशन झालं की निघाले." यावर वाद घालणं शक्य नव्हतं. कर्तव्याशी कोण भांडणार?

आणि त्या दिवशी सकाळी मास्तरांनी राणीसाहेबांना पकडलं.

दुपारी पुतणी गाडी घेऊन आली. वहिनींची ट्रंक गाडीत चढवायला मला बोलावण्यात आलं. निवृत्त माणसाला नातेवाईक एवढंच काम विश्वासाने देतात. ट्रंक चढवून मी कंबर धरून आत आलो, दोन्ही दारं नियमाप्रमाणे एकामागून एक लावली, आणि चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच मागच्या खोलीतून वहिनींचा आवाज आला.

"भावजी! पिंजरा रिकामा आहे!"

२

बर्फखान्याचे नियम दोन. पहिला: बाहेरचं दार आणि आतलं दार एकाच वेळी उघडायचं नाही. दुसरा: पकडलेल्या मांजराच्या पिंजऱ्यावर पांघरूण घालायचं आणि ते ऑपरेशनपर्यंत उचलायचं नाही. रानटी मांजराला माणूस दिसला की ते जाळीवर डोकं आपटून घेतं. अंधारात गप्प बसतं. दोन्ही नियम वहिनींनीच केलेले. पांघरूण उचलणाऱ्या एका हौशी मदतनिसाला त्यांनी कायमचं घरी पाठवल्याची गोष्ट अजून सांगतात.

"तुम्ही पांघरूण उचललंत?" मास्तरांनी विचारलं. हे गणिताचे निवृत्त शिक्षक. बर्फखान्यात मांजरं पकडण्याचं खातं त्यांच्याकडे आहे.

"निरोप घ्यायला," वहिनी म्हणाल्या. त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. "मी आता जाणार. एकदा बघावंसं वाटलं. खोलीचं दार किलकिलं होतं. ती हॉलमध्ये शिरली असणार."

हॉलमध्ये झोपलेली, भांडणारी, कपाटावर बसलेली सगळी मांजरं आमच्याकडे बघत होती. त्यात राणीसाहेब कुठे दिसत नव्हत्या, पण हॉलमध्ये जुन्या यंत्रांचे सांगाडे, पाइप आणि खोकी इतकी होती की हत्ती लपला असता.

"बाहेरचं दार उघडायचं नाही," वहिनींनी हुकूम सोडला. "ती सापडेपर्यंत कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. बिथरलेली आहे, आतलं दार उघडताच पायातून दोन दारांमधल्या अंधारात शिरेल, कळणारही नाही. रस्त्यावर गेली तर गाडीखाली येईल, आणि पुन्हा पिंजऱ्याजवळ फिरकणारसुद्धा नाही."

"म्हणजे आपण अडकलो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. या जनावरांच्या डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी येऊन फुकट ऑपरेशनं करतात आणि ती फुकट असल्याची आठवण करून देतात.

"आपण कधी सुटलेलो होतो?" टेलरबाई म्हणाल्या. त्या पिंजऱ्यांची पांघरुणं शिवतात. जीभही कात्रीच्याच जातीची.

इमारत बर्फासाठी बांधलेली. भिंती हातभर जाड, त्यात भुसा भरलेला, खिडकी नावालाही नाही. आतली हवा बाहेर जात नाही आणि बाहेरची आत यायला बिचकते. फोनसुद्धा फक्त दाराजवळ लागतो. माझा तिथेच वाजला.

"काका, आईला म्हणावं आटप," पुतणी बाहेरून म्हणाली. "अंधार पडायच्या आत पोहोचायचंय."

"मांजर सुटलंय. दार उघडता येत नाही."

"कुठलं?"

"राणीसाहेब."

पलीकडून फोन बंद झाला. मग तिने हॉर्नवर हात ठेवला आणि काढला नाही.

३

मी आयुष्यभर विमा कंपनीचा सर्व्हेअर होतो. गोदाम जळालं की मालक रडत सांगतो, आत रेशीम होतं. नवखा सर्व्हेअर विचारतो, आग कशी लागली? मुरलेला विचारतो, रेशीम होतं का? या एका प्रश्नावर माझी नोकरी चालली. निवृत्तीच्या समारंभात माझ्या साहेबांनी मला संशयी स्वभावाचं प्रमाणपत्र दिलं, तेही तोंडी.

तरीसुद्धा पहिला तासभर मी नवख्यासारखा खोक्यांमागे बॅटरी मारत फिरलो. कंबरेने असहकार पुकारल्यावर मी शोध सोडून तपास सुरू केला. तपास बसून करता येतो.

मागच्या खोलीला सगळे 'वेगळी खोली' म्हणतात. नवं मांजर आधी तिथे ठेवतात. पूर्वी तिथे बर्फाच्या लाद्या रचत. भिंतीत एक चौकोनी झडप आहे. तिच्यातून लादी सरकत थेट मागच्या अंगणात जायची. माणूस तिच्यातून जाणार नाही, मांजर आरामात जाईल. पण झडप बंद होती आणि तिची खिटी आतून घातलेली होती. खिटीवर गंज होता. गंजावर मात्र एक लखलखीत ओरखडा होता, आणि झडपेवरचं कोळ्याचं जाळं अर्धं लोंबत होतं.

पिंजरा मधोमध. त्याचं पुढचं दार, जे मांजर आत गेल्यावर खाटकन पडतं, ते पडलेलं आणि घट्ट. मागचं सरकतं दार, ज्यातून मांजर सोडतात, ते मात्र वर ओढलेलं. त्याचं तोंड झडपेकडे. तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं. त्यावर आमिषाचा माशाचा तुकडा.

पांघरूण बाजूला पडलं होतं. बर्फखान्यातली पांघरुणं म्हणजे लोकांनी दिलेल्या विटक्या चादरी. हे नवं होतं, जाड, दुहेरी अस्तराचं, त्यावर छोटी छोटी निळी मांजरं छापलेली.

भिंतीवर राणीसाहेबांचा फोटो होता, मास्तरांनी लांबून काढलेला. राणीसाहेब मागच्या भिंतीवर नेहमी एकाच बाजूने बसत, तोंड कोपऱ्यावरच्या मासेवाल्याच्या दुकानाकडे. अंगणातून त्यांची फक्त उजवी बाजू दिसायची. चेहरा रुंद, गाल फुगलेले. आमच्या एका विभागीय व्यवस्थापकाची आठवण यावी असे. राणीपणा मला तरी कुठे दिसला नाही.

मी पुन्हा वर्तमानपत्राकडे बघितलं. खाली वाकलो. कंबर काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

वर्तमानपत्राला एकही सुरकुती नव्हती.

४

"मास्तर, पकडलीत कशी?"

मास्तर फुलले. "पहाटे. मागच्या भिंतीखाली. दबा धरून बसलो. संयम लागतो. वर्गात चाळीस पोरं गप्प बसवलीत मी, एक मांजर काय!"

"आणि आत कशी आणलीत?"

"दोन्ही हातांनी, आडवा धरून. हे मी सगळ्यांना शिकवतो. एका हाताने धरला तर मांजर एका टोकाला आपटतं, पिंजरा कलंडतो."

मग मी टेलरबाईंना गाठलं. त्या एका आंधळ्या मांजराच्या डोळ्यांत औषध घालत होत्या, आणि मांजराशी जे प्रेमाने बोलत होत्या ते माणसांच्या वाट्याला येत नव्हतं.

"मास्तर आत आले तेव्हा तुम्ही होतात?"

"दार मीच उघडलं. स्वारी शीळ घालत आली. एका हातात पिंजरा, त्याच हाताच्या करंगळीत स्कूटरची किल्ली फिरतेय. दुसऱ्या हाताने केस सारखे करत होते. आहेत तेवढे."

"पांघरूण सुंदर शिवलंत. जाड आहे."

"थंडी असते."

बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं. मी तसं म्हणालो.

"मांजराला असते," त्या म्हणाल्या आणि आंधळ्या मांजराचा दुसरा डोळा उघडून त्यात गरजेपेक्षा जास्त औषध घातलं.

डॉक्टरीणबाई खोक्यावर बसून बिस्किटं खात होत्या.

"ऑपरेशन इथेच करणार होतात ना?"

"अर्थात. नेहमी इथेच करते."

"मग तुमच्या पिशवीत काय आहे बघू का?"

"विमा कंपनीला माझ्या पिशवीत काय रस?"

"मी निवृत्त आहे. आता हा छंद आहे."

त्यांनी पिशवी पुढे सरकवली. आत रंगीत कागदात बांधलेलं एक चौकोनी खोकं होतं. ते टिकटिक करत होतं.

"भिंतीवरचं घड्याळ," त्या म्हणाल्या. "वहिनींना निरोपाची भेट. आम्ही तिघांनी मिळून घेतलं."

पिशवीत दुसरं काहीच नव्हतं. भूल नाही, कात्री नाही, टाक्याचा दोरासुद्धा नाही.

"सामान क्लिनिकवर राहिलं," त्या म्हणाल्या. "पिंजरा तसाच झाकून तिकडे नेणार होते. बदल म्हणून."

तेवढ्यात माझा फोन पुन्हा वाजला आणि मी दाराकडे पळालो. म्हणजे, त्या दिशेने निघालो.

५

"काका, आता मी गाडी सावलीत घेणार होते, तर बॉनेटवर एक मांजर येऊन बसलंय," पुतणी म्हणाली. "इतका हॉर्न दिला, हलत नाही. बॉनेट तापलंय, त्याला बरं वाटतंय. तुमच्यातलंच असणार, कान कापलेला आहे."

मी हे मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. मास्तर उभे राहिले होते, ते खाली बसले.

"कान कापलेला ना? मग सोडा."

"झालेलं आहे ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढचं बिस्किट उचललं.

टेलरबाईंनी वरही पाहिलं नाही. इतकी वर्षं हे काम केलेल्या माणसांची नजर कापलेल्या कानावरून अशी घसरते, जशी माझी जाहिरातींवरून.

मी वहिनींकडे बघत होतो. वहिनी म्हणजे रस्त्यावर कुठेही मांजर दिसल्याचं कळलं की आधी विचारणार, "रंग कुठला?" मग, "शेपूट आखूड की लांब?" मग, "जेवलंय का?" लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत, माझ्या भावाच्या अंत्ययात्रेतसुद्धा त्यांनी रंग विचारला होता.

आत्ता त्यांनी काही विचारलं नाही. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन त्या त्याच्या कडेची पूड बोटाने गोळा करत राहिल्या.

"वहिनी," मी म्हणालो, "रंग विचारला नाहीत?"

"दुसरं कुठलं तरी असेल," त्या म्हणाल्या.

"कशापेक्षा दुसरं?"

हॉलमधली हवा आधीच जड होती. आता ती चमच्याने काढता आली असती. मास्तरांनी कॉलर सैल केली. मी मधलं खोकं ओढून बसलो आणि आयुष्यात एकदा तरी म्हणायचं ठरवलेलं वाक्य म्हणालो.

"कुणी उठू नका. मला सगळं कळलं आहे."

"उठून जाणार कुठे?" टेलरबाई म्हणाल्या. "दार बंद आहे."

६

"मी चुकीचा प्रश्न विचारत बसलो," मी सुरुवात केली. "मांजर गेलं कसं? आधी विचारायला हवं होतं, मांजर होतं का?"

मास्तर खोकले.

"रानटी मांजर पिंजऱ्यात सापडलं की काय करतं, ते मला तुम्हीच शिकवलंत. वर्तमानपत्राच्या चिंध्या करतं. घाण करतं. आमिष तुडवतं. या पिंजऱ्यातला कागद इस्त्री केल्यासारखा आहे. मासा ठेवला तसा आहे. दोन्ही हातांनी आडवा धरायचा पिंजरा मास्तरांनी करंगळीत किल्ली फिरवत आणला. पिंजरा आला तेव्हाच रिकामा होता."

"शीळ घालायला कुणी सांगितलं होतं?" डॉक्टरीणबाई मास्तरांवर कडाडल्या. म्हणजे कबुली झाली. माझं पुढचं दीड पान भाषण वाया गेलं.

"मी आनंदी दिसायला हवं होतं ना!" मास्तर म्हणाले. "यश मिळालेला माणूस शीळ घालतो."

"पांघरूण उचलायचं नाही हा नियम," मी म्हणालो. "त्याच्या भरवशावर तुम्ही तिघांनी बेत केलात. टेलरबाईंनी असं जाड पांघरूण शिवलं की आतून आवाज का येत नाही हे कुणी विचारू नये. डॉक्टरीणबाई झाकलेला पिंजरा क्लिनिकवर नेणार, संध्याकाळी फोन करून सांगणार, ऑपरेशन झालं. ऑपरेशन करायचंच नव्हतं, म्हणून सामान नाही, घड्याळ आहे. वहिनी मोकळ्या मनाने मुलीकडे जाणार."

"मग काय करायचं?" डॉक्टरीणबाई उठल्या. "त्या मांजरापायी खाणं घेऊन भिंतीवर चढल्या आणि पडल्या. यावेळी मनगट गेलं. पुढच्या वेळी काय, मान? मी जनावरांची डॉक्टर आहे, मला यांची हाडं जुळवता येत नाहीत. विश्रांती घ्या म्हटलं की राणीसाहेब. मुलीकडे जा म्हटलं की राणीसाहेब. त्या मांजराने यांना धरून ठेवलंय!"

वहिनींनी प्लास्टरचा हात पदराखाली घेतला.

"पण यात एक अडचण आहे," मी म्हणालो. "पिंजऱ्याचं मागचं दार उघडं होतं. झडपेची खिटी कुणीतरी नुकतीच काढून परत घातली. म्हणजे कुणीतरी राणीसाहेबांना झडपेतून सोडून द्यायला निघालं होतं. ज्याने रिकामा पिंजरा आणला, तो त्यातून मांजर सोडायला जाणार नाही. म्हणजे सोडायला गेलेल्या माणसाला पिंजरा रिकामा आहे हे माहीत नव्हतं. इथे तसे दोघंच होतो. त्यातला एक ट्रंक उचलत होता. त्याची कंबर साक्षीला आहे."

आता सगळे वहिनींकडे बघू लागले. मांजरंसुद्धा, पण त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती.

"झडप उघडली," वहिनी हळूच म्हणाल्या. "मागचं दार ओढलं. वाट बघितली. काही बाहेर येईना. पांघरूण उचललं, तर नाहीच. मला वाटलं, माझ्या पायातून हॉलमध्ये गेली. खरंच वाटलं. नाहीतर मी ओरडले नसते."

"पण का, ताई?" टेलरबाईंची कात्री पहिल्यांदाच बोथट झाली होती. "वर्षानुवर्षं तिच्या मागे आहात!"

"कारण डॉक्टरीणबाईंनी पांघरूण काढलं असतं तर डावा कान दिसला असता," मी म्हणालो. "आणि तो कापलेला आहे. होय ना, वहिनी? इतक्या वर्षांत राणीसाहेबांची पिल्लं कुणी पाहिलीत का?"

मास्तरांनी तोंड उघडलं. गणिताच्या शिक्षकाने मनात काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि तोंड मिटलं.

"अगदी सुरुवातीच्या मांजरांतलं आहे ते," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कुणी यायच्या आधीचं. तेव्हा मी आणि हे, दोघंच होतो. एकदा पिंजऱ्यात सापडलेलं मांजर परत सापडत नाही. मला माहीत होतं, ते कधीच सापडणार नाही."

"मग आम्हाला का पळवलंत त्याच्या मागे?" मास्तर कळवळले. "पावसात बसलोय मी त्या भिंतीखाली!"

"तुम्हाला आवडायचं," वहिनी म्हणाल्या. "आणि मला सांगायला काहीतरी हवं होतं."

"आम्हाला सांगायचंत, जायचं नाही म्हणून. आम्ही तुमची सुटका करायला निघालो होतो."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात!"

"मग तेच उत्तर होतं ना, मास्तर?"

बाहेर हॉर्न वाजला. यावेळी थोडासाच, थकल्यासारखा.

७

आतलं दार उघडलं, लावलं, मग बाहेरचं उघडलं. सुटलेलं मांजर नव्हतं तरी नियमाप्रमाणे एकामागून एक. उन्हाने आम्हा पाचजणांचे डोळे असे मिटले की आम्हीच नुकते पिंजऱ्यातून सुटलो असं कुणालाही वाटलं असतं.

पुतणी गाडीला टेकून उभी होती. बॉनेटवर एक करडं मांजर पाय पोटाखाली घेऊन बसलं होतं, तोंड मासेवाल्याच्या दुकानाकडे. गाडी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला होती, त्यामुळे आमच्याकडे त्याची डावी बाजू होती.

मास्तर थबकले. "हे तर..."

"हो," वहिनी म्हणाल्या.

पुतणीला कापलेल्या कानाचा अर्थ चांगला माहीत होता. तिने कान बघितला, आईकडे बघितलं, आणि तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून."

"म्हणजे तू मला इतकी वर्षं... आई, मी तुझ्यासाठी वेगळी खोली केलीय!"

आमच्यापैकी कुणीच एकमेकांकडे पाहिलं नाही.

"माहीत आहे गं. म्हणून तर." वहिनी रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेल्या. "भिंतीला रंग लावून घेतलास. पडदे टेलरबाईंकडून शिवून घेतलेस, त्यावर मांजरं छापलेली, आईला करमावं म्हणून. उरलेल्या कापडाचं त्यांनी पिंजऱ्याचं पांघरूण केलं. मी आज पिंजऱ्यावर तेच कापड बघितलं."

टेलरबाई रस्त्यावरचं काहीतरी न्याहाळू लागल्या. रस्त्यावर काही नव्हतं.

"तुझ्या घराला खिडक्या आहेत," वहिनी म्हणाल्या, "पण त्या उघडत नाहीत. मी मागे आले तेव्हा चार दिवस झोपले नाही. तू उशी बदललीस. मग गादी बदललीस. आता एवढ्यानंतर नाही कसं म्हणायचं, ते मला कळेना."

"नुसतं म्हणायचंस."

"तुला?"

"मला! एवढं एक वाक्य बोलायला तुला मांजर लागलं?" पुतणीचा आवाज फुटला. "मला लोक विचारतात, आई एकटी का राहते. मी सांगते, एका मांजराचं ऑपरेशन राहिलंय. मला वेड्यात काढतात!"

"मग आता सांग, आईला यायचं नाही."

वाक्य बाहेर आलं. कुणी पडलं नाही, काही मोडलं नाही. पुतणीने डोळे पुसले, मग डिकी उघडली आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, ट्रंक."

मी माझ्या कंबरेचा विचार केला आणि पुढे झालो. दुसरं टोक तिने धरलं. ट्रंक अर्ध्या रस्त्यात असताना ती आईला म्हणाली, "महिन्यातून दोनदा मी येणार. त्या वेळी भिंतीवर चढलेली दिसलीस तर बघ."

"आणि भिंतीवरचं खाणं यापुढे मी ठेवणार," मास्तर म्हणाले. मोठं मन करून म्हणाले. पण डोळे बॉनेटवरच होते, आणि त्यात पावसात काढलेल्या सगळ्या सकाळी होत्या. "राणीसाहेब," ते कातर आवाजात म्हणाले, "जिंकलात तुम्ही."

मांजराने जांभई दिली. उठलं, आळस दिला, शेपूट सरळ वर केली आणि आमच्याकडे पाठ करून सावकाश बॉनेटवरून चालू लागलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला आणि धंद्याच्या नजरेने निरखून बघितलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हा बोका आहे."